टाकीपासून बनवलेल्या स्मोकरमध्ये आग धुमसते, तापमान पडतं, मांस कडू होतं: बिघाड कुठे शोधायचा

लक्षणं जवळपास नेहमी याच क्रमाने येतात. पहिला तास-दीड तास सगळं सुरळीत चालतं, मांसाच्या जाळीपाशी ११० ते १२० अंश सेल्सिअस मिळतात. मग तापमापकाचा काटा खाली सरकू लागतो. आणखी एक लाकूड टाकलं की धुराड्यातून पांढरा, दाट धूर लोटतो आणि काटा वर जाण्याऐवजी आणखी उतरतो. शेवटी मांस बाहेर काढावं तर वरून काळं, चकचकीत, आणि तोंडात घातलं की जीभ बधिर झाल्यासारखी वाटते. पुढच्या वेळी लाकूड बदललं, मसाला बदलला, तरी तेच.

जुन्या टाकीला बाजूला फायरबॉक्स (आग पेटवायची पेटी) जोडून केलेल्या स्मोकरची, म्हणजे लाकडाच्या धुरात मांस शिजवण्याच्या भट्टीची, ही सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार आहे. तिचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: आगीला श्वास घेता येत नाही. हवा आत येण्याची वाट, फायरबॉक्समधून टाकीत जाण्याची वाट आणि धुराड्यातून बाहेर पडण्याची वाट, या तिन्हींपैकी सगळ्यांत अरुंद वाट कोणती, एवढं शोधायचं आहे.

आधी दाराची परीक्षा

काहीही कापण्या-जोडण्याआधी ही परीक्षा करा. आग मंदावलेली असताना फायरबॉक्सचं दार चार बोटं उघडा आणि मिनिटभर नुसतं बघत राहा.

अर्ध्या मिनिटात ज्वाळा उठल्या आणि धुराड्यातला धूर पातळ झाला, तर निचरा चांगला आहे, हवा आत येणंच कमी पडतंय. हवेचं तोंड लहान आहे किंवा राखेने बुजलंय.

धूर उलटा फिरून दारातून तुमच्या तोंडावर आला, तर पुढची वाट अडली आहे. धुराडं, मधली खिडकी (फायरबॉक्समधून टाकीत जाणारं भोक) किंवा तिच्यावरचा आडपत्रा (धग अडवायला लावलेला पत्रा), यांपैकी एक दोषी आहे. हवेचं तोंड मोठं करून इथे काहीही फरक पडणार नाही.

दोन्हींपैकी काहीच झालं नाही, लाकूड नुसतं सुस्कारत राहिलं आणि टोकाला फेस दिसला, तर लाकूड ओलं आहे किंवा खाली निखाऱ्यांचा थरच उरलेला नाही.

ही परीक्षा सोडून लोक एक भलताच उपाय करतात: तापमान पडायला लागलं की 'उष्णता आत राहावी' म्हणून धुराड्याची झडप अर्धी लावतात. स्मोकर ही बंद पेटी नाही, ती वाहती वाट आहे. मांसाला मिळणारी उष्णता गरम हवेच्या प्रवाहातून येते. धुराडं आवळलं की प्रवाह मंदावतो, आगीला नवी हवा ओढली जात नाही, लाकूड जळायचं थांबतं आणि नुसतं तापून वाफ-राळ सोडतं. धुराड्याची झडप स्वयंपाक चालू असताना पूर्ण उघडी ठेवायची. तापमान सांभाळायचं ते हवेच्या तोंडाने, आणि त्याहूनही जास्त आगीच्या आकाराने.

धूर वाचायला शिका

पेटवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं पांढरा धूर येणारच. त्यानंतरही तो दाट, कापसासारखा येत असेल तर त्यात पाण्याची वाफ आणि न जळलेल्या राळेचे बारीक थेंब आहेत. हे थेंब टाकीच्या थंड भिंतीवर आणि त्याहून थंड मांसावर जमतात. कडूपणा इथूनच येतो. आगीत ज्वाळा असतील आणि हवा पुरेशी असेल तर हेच वायू जळून जातात. मग धुराड्याच्या तोंडाशी धूर जवळजवळ दिसत नाही, आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहिलं तर पातळ निळसर झाक दिसते. कण इतके बारीक असतात की निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून तो रंग. मांस ठेवायचं ते या धुरात.

टाकीच्या आतल्या भिंतीवरून थंड झाल्यावर बोट फिरवा. कोरडी, मळकट तपकिरी-काळी पूड बोटाला लागली तर आग नीट जळते आहे. चिकट, डांबरासारखा चमकदार थर असेल तर आग बराच काळ धुमसलेली आहे, आणि त्या थराचाच वास पुढच्या प्रत्येक खेपेला मांसाला लागणार. तो काढण्याचं पुढे येतं.

राख: सर्वांत साधं कारण, म्हणून सर्वांत दुर्लक्षित

'दोन तास बरं चालतं आणि मग बिघडतं' ही तक्रार असेल तर आधी राख बघा. लाकूड फायरबॉक्सच्या तळावरच जळत असेल तर राख साठत जाते, निखारे तिच्यात पुरले जातात आणि खालून येणारी हवा बंद होते. आग वरवर पेटलेली दिसते, पण तिच्या पोटात धग नसते.

उपाय म्हणजे तळापासून ३ ते ४ इंच उंच आगीची जाळी. १२ मिलिमीटरच्या सळया, दोन सळयांमध्ये १५ ते २० मिलिमीटर फट. फट यापेक्षा लहान ठेवली तर बारीक निखारे आणि राख तिथेच अडकून जाळी बुजते. फार मोठी ठेवली तर जळते निखारे खाली पडून वाया जातात. जाळी वेल्ड करून पक्की बसवू नका. नुसती पायांवर ठेवा, म्हणजे वाकली की बाहेर काढून उलटी घालता येते. ती वाकणारच; लाल होईपर्यंत तापणारं लोखंड स्वतःच्या वजनाने झुकतं.

हवेचं तोंड जाळीच्या पातळीला किंवा खाली हवं. दाराच्या वरच्या भागात भोकं पाडलेली असतील तर थंड हवा आगीच्या डोक्यावरून सरळ टाकीत निघून जाते: आगीला उपयोग नाही आणि टाकी मात्र गार. दीर्घ स्वयंपाकात दर तीन तासांनी लांब पळीने किंवा वाकवलेल्या सळईने राख ओढून पत्र्याच्या डब्यात काढा. डबा झाकणाचा हवा. राखेतले निखारे दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतात.

लाकूड

ताज्या तोडलेल्या लाकडात कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असू शकतं. ते पाणी उकळून जाईपर्यंत लाकडाचं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकतं, आणि आगीची बरीचशी उष्णता त्यातच खर्च होते. स्मोकरला १५ ते २० टक्के ओलावा चालतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द वाजतं. टोकावर मध्यापासून कडेकडे गेलेल्या भेगा दिसायला हव्यात. खात्री करायची असेल तर मधून कापलेला एक छोटा तुकडा तोला, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा आणि पुन्हा तोला. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले १००, म्हणजे ओलावा.

लाकूड पाण्यात भिजवून टाकायचा सल्ला खूप फिरतो. लाकडावर जळणाऱ्या स्मोकरमध्ये तो सरळ नुकसान करतो, कारण भिजवलेला तुकडा आधी नुसती वाफ सोडतो आणि निखारे गार करतो.

तुकड्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा. २५० लिटरच्या टाकीला १२ इंच लांब, मनगटाएवढा जाड, सालासह फोडलेला तुकडा पुरतो. दर ३० ते ४५ मिनिटांनी एक. पुढचा तुकडा फायरबॉक्सच्या वरच्या पत्र्यावर ठेवून तापवत राहा. असा तापलेला तुकडा निखाऱ्यांवर ठेवताच पेट घेतो, थंड तुकडा आधी पाच-सात मिनिटं धुमसतो. मोठा ओंडका टाकून हवा आवळून 'दोन तास बघायला नको' ही सोय मोहक आहे, पण कडू मांसाची तीच सरळ वाट आहे. आग लहान ठेवा आणि तिला मोकळी हवा द्या.

निखाऱ्यांचा थर दोन-तीन इंचांच्या खाली गेला तर नुसतं लाकूड टाकून आग सावरत नाही. आधी पेटवलेला कोळसा घाला, मग लाकूड. राळ असलेलं चीड-देवदारासारखं लाकूड, रंगवलेलं, प्लायवूड, रसायन मुरवलेलं लाकूड आणि कण्हेरीसारख्या विषारी झाडाचं लाकूड कधीच वापरायचं नाही. जुन्या, टिकाऊ केलेल्या लाकडात आर्सेनिकही असू शकतं.

मापं: इथे बहुतेक बांधण्या फसतात

आता मुख्य मुद्दा. टाकी हाताशी असते, पाइपाचा तुकडा हाताशी असतो, आणि जे मिळालं ते जोडलं जातं. पण या तिन्ही वाटांचं एकमेकांशी प्रमाण असावं लागतं. अनुभवी बांधणारे जी ढोबळ प्रमाणं वापरतात ती अशी: फायरबॉक्सचं घनफळ टाकीच्या एक तृतीयांश, मधल्या खिडकीचं क्षेत्रफळ, चौरस इंचांत, म्हणजे फायरबॉक्सच्या घन इंचांना ०.००८ ने गुणून येणारा आकडा. हवेच्या तोंडाचं क्षेत्रफळ त्याच घन इंचांना ०.००३ ने गुणून. धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ हवेच्या तोंडापेक्षा कमी असता कामा नये, थोडं जास्तच हवं, कारण आत आलेली हवा तापून फुगते.

एक टाकी मोजून बघू. व्यास २० इंच, लांबी ४८ इंच, म्हणजे साधारण १५,००० घन इंच, जवळपास २५० लिटर. फायरबॉक्स ५,००० घन इंच: १७ इंच लांबी, रुंदी आणि उंचीची पेटी जवळजवळ तेवढी भरते. मधली खिडकी ४० चौरस इंच. हवेची तोंडं मिळून १५ चौरस इंच. धुराडं आतून ५ इंच व्यासाचं घेतलं तर साधारण २० चौरस इंच मिळतात, ६ इंची घेतलं तर २८.

आता नेहमीच्या चुका याच आकड्यांवर तपासा. फायरबॉक्स आणि टाकी ४ इंची पाइपाने जोडले असतील तर खिडकी साडेबारा चौरस इंचांची झाली, गरजेच्या एक तृतीयांशाहूनही कमी. अशा स्मोकरमध्ये फायरबॉक्स लालबुंद होतो आणि टाकी कोमट राहते. धुराडं उरलेल्या ३ इंची पाइपाचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ ७ चौरस इंच, म्हणजे हवेच्या तोंडाच्या निम्मं. दारातून उलटा धूर येण्याची ही दोन कारणं सर्वांत आधी तपासा.

मधली खिडकी चंद्रकोरीसारखी, टाकीच्या टोकाच्या तळाला कापतात. २० इंची टाकीत तळापासून पावणेचार इंच उंचीची कोर कापली की ४० चौरस इंच भरतात, आणि तिची वरची रुंदी साधारण साडेपंधरा इंच येते. फायरबॉक्स टाकीपेक्षा खाली बसवलेला हवा, पण त्याचं छत खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा वर हवं. छत खिडकीच्या मध्यात आलं तर अर्धी खिडकी बंदच झाली.

आणि एक चूक, जी बाहेरून दिसत नाही. फायरबॉक्सजवळचं मांस करपू नये म्हणून खिडकीवर आडपत्रा लावतात. तो उतरता वाकवून जाळीखाली घेतात आणि त्याच्या टोकाशी एक इंच फट ठेवतात. पत्रा १६ इंच रुंद असेल तर फट झाली १६ चौरस इंच. म्हणजे ४० इंचांची खिडकी कापूनही वाट १६ इंचांचीच राहिली. आडपत्र्याच्या टोकाशी निदान अडीच इंच फट हवी. पट्टी घेऊन आत हात घाला आणि मोजा; नजरेचा अंदाज इथे हमखास चुकतो.

खिडकी वाढवायची असेल तर कापण्याआधी टाकी आतून खरवडून, गरम साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. वापरलेल्या स्मोकरच्या भिंतीला चरबी आणि राळ चिकटलेली असते. ग्राइंडरच्या ठिणगीने ती आतल्या आत पेटते.

धुराडं

ओढ निर्माण होते ती आतल्या गरम आणि बाहेरच्या थंड हवेच्या वजनातल्या फरकाने, धुराड्याच्या उंचीवर. वरच्या मापाच्या टाकीला ३० इंच उंची चांगली काम देते. उंची दुप्पट केली तर हवेचा प्रवाह दुप्पट होत नाही, साधारण चाळीसच टक्के वाढतो, म्हणून अरुंद धुराडं उंच करून भरपाई होत नाही. काटकोनातली वळणं टाळा.

टोपी बसवली असेल तर तिची फट बघा. गोल धुराड्याच्या तोंडाएवढी वाट कडेने मिळायला टोपी निदान व्यासाच्या चौथ्या भागाएवढी वर हवी. ५ इंची धुराड्याला ती सव्वा इंच होते, आणि ती अगदी किमान आहे. अडीच इंच ठेवा. काजळीचा हिशेबही विसरू नका: ५ इंची पाइपात चहूबाजूंनी पाव इंच काजळी जमली की आतला व्यास साडेचार इंच उरतो आणि क्षेत्रफळ जवळपास पाचव्या हिश्शाने घटतं. 'पहिले काही महिने छान चालला, आता चालत नाही' असं असेल तर धुराड्यात टॉर्च मारून बघा.

धुराडं टाकीच्या माथ्यावरून निघत असेल तर गरम हवा छताला चिकटून सरळ बाहेर पडते आणि जाळी गार राहते. ते फायरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला, जाळीच्या पातळीवरून निघायला हवं. आधीच माथ्यावर बसवलं असेल तर कापाकापी न करता आतून त्याच व्यासाचा पाइप जाळीच्या उंचीपर्यंत उतरवा. मात्र त्याच्या तोंडाखाली मांस किंवा पसरट भांडं येणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर ते झाकणासारखं काम करेल.

दाराची फट

टाकी गोल वळवलेल्या पत्र्याची असते, त्यात ताण साठलेला असतो. दारासाठी कापलं की तो मोकळा होतो आणि पत्रा उसळतो. दार आणि चौकट जुळत नाहीत. म्हणून एक बाजू कापून बिजागऱ्या लावायच्या आणि मगच उरलेल्या बाजू कापायच्या. नवा स्मोकर करताना हे लक्षात ठेवा. झालेल्या स्मोकरमध्ये फट मोजून मार्ग काढायचा.

रात्री आत दिवा ठेवून बाहेरून बघा, प्रकाशाची रेघ जिथे दिसेल तिथे खूण करा. फट ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर काचतंतूची चपटी दोरी चौकटीवर चिकटवून भागतं. त्याखाली अन्नासाठी चालणारा, उष्णता सहन करणारा सिलिकॉन वापरा, पण फक्त टाकीच्या दाराला. तो साधारण २५० अंशांपर्यंतच टिकतो, फायरबॉक्सजवळ जळून जाईल. फट मोठी असेल तर आधी धातू सरळ करा: दार शिकंज्याने दाबून धरा आणि कडेला ४० बाय ३ मिलिमीटरची पट्टी अशी वेल्ड करा की ती चौकटीवर निम्मी चढेल. सलग वेल्ड मारत सुटू नका, उष्णतेने दार पुन्हा वाकेल. इंचभर टाका, पाच-सहा इंच सोडा, थंड होऊ द्या, मग उरलेलं भरा.

फायरबॉक्सच्या दाराची गळती वेगळं लक्षण दाखवते: तापमान पडत नाही, उलट आवरत नाही. हवेचं तोंड पूर्ण लावूनही आग भडकत राहते. तिथे पत्र्याची कड आणि घट्ट बसणारी कडी हाच उपाय.

काटा खोटं बोलत असेल तर

कधीकधी स्मोकर ठीक असतो आणि मापच चुकतं. दाराच्या वरच्या भागात बसवलेला तापमापक छतालगतची हवा मोजतो. जाळीशी आणि तिथे २० ते ३० अंशांचा फरक सहज पडतो. तापमापक काढून उकळत्या पाण्यात धरा. समुद्रसपाटीला १०० अंश दाखवायला हवं, आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी. मग जाळीपाशी, मांसापासून दोन इंच लांब, दुसरा तापमापक ठेवून त्यावरच विश्वास ठेवा.

मांसाच्या आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तासन्‌तास थबकतं, तो स्मोकरचा दोष नव्हे. मोठ्या तुकड्याच्या पृष्ठभागावरून ओलावा उडत असतो आणि ते बाष्पीभवन मांसाला घामासारखं गार ठेवतं. जाळीजवळचं तापमान स्थिर असेल तर आगीला हात लावू नका. घाई असेल तर मांस जाड कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळा. इथे घाबरून लाकडं टाकल्यामुळेच कितीतरी चांगल्या आगी बिघडतात.

पण जाळीजवळचंच तापमान खरोखर पडलं, मांस अजून ६० अंशांच्या खाली आहे आणि आग लवकर सावरत नाही, तर वाट बघत बसू नका. मांस घरच्या ओव्हनमध्ये हलवा. कोमट टाकीत ते जीवाणूंना हवं तेवढंच गरम राहतं. कोंबडी असेल तर आत ७४ अंश झाल्याशिवाय वाढायची नाही.

एक टोक करपतं, दुसरं कच्चं

आग सुधारल्यावरही डाव्या-उजव्या टोकांत फरक राहू शकतो. जाळीभर ब्रेडच्या स्लाइस मांडा, दार लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. कुठे किती भाजलं हे रंगावरून कळतं. मग जाळीखाली ५-६ इंच रुंदीचे सुटे पत्रे आडवे ठेवा. फायरबॉक्सजवळ त्यांच्यातली फट अर्धा इंच, आणि धुराड्याकडे जाताना वाढवत दीड इंचापर्यंत. पत्रे सुटेच ठेवा, कारण पहिल्या मांडणीत बरोबर बसत नाहीत. सरकवा, पुन्हा ब्रेड भाजा. आडपत्र्याच्या तोंडावर पाण्याचं भांडं ठेवलं तरी त्या टोकाची धग उतरते.

चिकट थर काढणं

आग कितीही सुधारली तरी जुना डांबरी थर कडूपणा देतच राहील. टाकी थंड असताना पट्टीने खरवडा, खाली पडलेलं सगळं बाहेर काढा, चरबी वाहून जायचं भोक सळईने मोकळं करा. टाकी त्या भोकाकडे किंचित उतरती हवी. मग रिकाम्या स्मोकरमध्ये स्वच्छ ज्वाळांची आग करून २०० अंशांवर तासभर ठेवा आणि गार झाल्यावर पुन्हा खरवडा. आत चरबी राहिली तर याच वेळी ती पेटू शकते. तसं झालं तर हवेचं तोंड आणि धुराडं दोन्ही बंद करा, दार उघडू नका, पाणी मारू नका. शेवटी खाद्यतेलाचा अगदी पातळ हात फिरवून १३० ते १५० अंशांवर तीन तास. आतून रंग कधीच लावायचा नाही.

टाकीच चुकीची असेल तर

काही टाक्यांवर दुरुस्ती करत बसू नये. जस्ताचा मुलामा असलेली टाकी, म्हणजे करड्या रंगाची, पृष्ठभागावर स्फटिकांसारखी नक्षी असलेली, वापरायची नाही. वेल्डिंगमध्ये आणि आगीजवळ जस्ताचा धूर निघतो, त्याने थंडी-ताप भरतो, आणि 'एकदा जाळून टाकलं की झालं' यावर भरवसा ठेवता येत नाही. कीटकनाशकाची किंवा अनोळखी रसायनाची टाकी नको. फ्रीजच्या गॅसची टाकी नको. उरलेला वायू तापला की विषारी वायू तयार होतात. आतून पिवळसर-तपकिरी अस्तर असलेलं पिंप असेल तर अस्तर धातू उघडा पडेपर्यंत काढल्याशिवाय नको. कॉम्प्रेसरच्या टाकीत तेल असतं, ते साबणाच्या पाण्याने धुवा. क्लोरीनयुक्त द्रावणाने धुतलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा जीवघेणा वायू बनतो.

इंधनाच्या गॅसची टाकी वास गेला, व्हॉल्व्ह उघडा आहे, म्हणून सुरक्षित होत नाही. भिंतीला आणि तळाच्या गाळाला चिकटलेलं इंधन पहिल्या ठिणगीला पुरतं. असं काम ज्याला टाकी निर्धोक करण्याचं प्रशिक्षण आहे त्यानेच करावं.

दुरुस्तीनंतरची चाचणी

मांसाशिवाय तीन तास चालवा, उघड्यावर. बंदिस्त जागेत किंवा छपराखाली नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हवेचं तोंड वाऱ्याच्या सरळ समोर येणार नाही असा स्मोकर वळवा. धुराडं पूर्ण उघडं, हवेचं तोंड पूर्ण उघडं, निखाऱ्यांचा तीन इंच थर, त्यावर दोन तुकडे. जाळीच्या दोन्ही टोकांना एकेक तापमापक. दर दहा मिनिटांनी दोन्ही आकडे, धुराचा रंग आणि लाकूड टाकल्याची वेळ वहीत लिहा.

प्रत्येक नवीन तुकड्यानंतर पांढरा धूर किती वेळ टिकतो ते बघा. दोन-तीन मिनिटांत पातळ झाला आणि तापमान दहा अंशांच्या आत वरखाली होत राहिलं, तर वाटा मोकळ्या आहेत. तापमान १३५ च्या वर जात असेल तर आधी पुढचा तुकडा लहान घ्या, मगच हवेचं तोंड पाऊण करा. तिसऱ्या तासाला पहिल्या तासापेक्षा पांढरा धूर जास्त वेळ टिकत असेल, तर आगीच्या जाळीखाली हात जाईल एवढी जागा उरली आहे का ते सळईने चाचपून बघा. तिथे राख जाळीला टेकलेली सापडेल.